तळटीप : 'कल्पविज्ञान'

बंगालीत विज्ञानकथेला 'कल्पविज्ञान' म्हणतात. हा शब्द रूढ केला अद्रीश बर्धन यांनी. १९६३ मध्ये त्यांनीच कोलकात्यातून 'आश्चर्य' हे मासिक काढले. मराठी 'विज्ञानकथा' या शब्दात 'कल्प' नाही, आणि तिथेच विज्ञानकथा व अद्भुतिका यांच्यामधल्या कुंपणाचा वाद सुरू होतो.

सत्यजित राय यांनी १९६१ मध्ये 'संदेश' मासिकात प्रोफेसर शंकूची पहिली कथा लिहिली. शंकू मंगळावर जातो खरा, पण त्याच्या यानाचे साहित्य पाहा : कुत्र्याच्या छत्र्या, सापाची कात, कासवाच्या अंड्यांची टरफले. हे रसायनशास्त्र की आजीबाईचा बटवा? रायांचाच गुप्तहेर फेलूदा मात्र बालीगंजातल्या रजनी सेन रोडवर राहतो आणि पुराव्याशिवाय बोलत नाही. दोघांचा लेखक एक, हे विसरू नये.

मराठीत कुंपण जरा घट्ट आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आद्याक्षरे उलटी. त्या कथेतले विज्ञान काढले तर कथाच उरत नाही.

हीच कसोटी शंकूला लावली तर तो नापास होईल.

तरीही प्रस्तुत संपादकाने त्याला अद्भुतिकेत ढकललेले नाही. शंकू मंत्र म्हणत नाही; प्रयोग करतो, फसतो, डायरीत तारखेनिशी नोंदवतो. त्याचे विज्ञान लटके असेल, पण वृत्ती शास्त्रज्ञाची आहे. म्हणून अनुवादात 'कल्पविज्ञान' हा शब्द तसाच ठेवला आहे. — सं.