कोण जिंकलं? आणि कुठे? : सेगा-निन्टेंडो स्पर्धेचा इतिहास



गेल्या व्याख्यानाच्या शेवटी एका तरुण श्रोत्याची चिठ्ठी आली होती. "सर, नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेमच्या यंत्रांची जी लढाई झाली, ती सेगा जिंकली की निन्टेंडो? एका वाक्यात सांगा." एका वाक्यात सांगायचं, तर आमचं उत्तर एक प्रतिप्रश्न आहे : कुठे? आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या एका शब्दावरचं भाष्य आहे असं समजा.

आधी दोन्ही पैलवानांची ओळख करून घेऊ. निन्टेंडो ही क्योतोची कंपनी. १८८९ साली ती सुरू झाली ती हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनवण्यासाठी. सेगाचं मूळ मात्र अमेरिकी. 'सर्व्हिस गेम्स' या नावातली आद्याक्षरं घेऊन 'सेगा' हा शब्द झाला. अमेरिकी लष्करी तळांवर नाणं टाकून चालणारी करमणुकीची यंत्रं पुरवणं हा तिचा मूळ धंदा. पुढे ती जपानमध्ये स्थिरावली आणि जपानी कंपनी झाली. म्हणजे बघा, ज्या दोघांना आपण जपानी म्हणून एका रांगेत उभं करतो, त्यांच्या जन्मपत्रिकाच वेगळ्या.

योगायोग असा की दोघांनीही घरात टीव्हीला जोडायचं यंत्र जपानमध्ये एकाच दिवशी बाजारात आणलं. तारीख १५ जुलै १९८३. निन्टेंडोचं फॅमिकॉम १४,८०० येनला, सेगाचं एसजी-१००० १५,००० येनला. किमतीत फरक नाही म्हटलं तरी चालेल. पण पुढे जपानमध्ये फॅमिकॉम एक कोटी नव्वद लाखांच्या वर खपलं आणि सेगाचं यंत्र लोकांच्या लक्षातही राहिलं नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत काय चाललं होतं? तिथे हा धंदाच कोसळला होता. अटारी ही तिथली मोठी कंपनी. गेमच्या कार्ट्रिजचे ढीग दुकानांत पडून राहिले आणि न खपलेला माल शेवटी न्यू मेक्सिको राज्यात आलामोगोर्दो गावाच्या कचरा डेपोत पुरावा लागला. ही दंतकथा आहे असं पुष्कळ दिवस म्हटलं जायचं. २०१४ साली खोदकाम झालं आणि कार्ट्रिज खरोखरच वर आली. तर, 'व्हिडिओ गेम' हे शब्द ऐकले की अमेरिकी दुकानदार दार लावून घेत होता, अशा वेळी निन्टेंडो १९८५ च्या अखेरीस न्यूयॉर्कला गेली. तिने काय केलं? यंत्राचं रूपच पालटलं. जपानमधलं फॅमिकॉम लाल-पांढरं, खेळण्यासारखं. अमेरिकेतलं राखाडी, चौकोनी, व्हीसीआरसारखं. कार्ट्रिज पुढून आत सरकवायचं. नाव दिलं 'एंटरटेनमेंट सिस्टिम'. सोबत एक छोटा रोबो. आतलं यंत्र मूलतः तेच, पण कपडे देशाप्रमाणे. आणि १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या दर तीन घरांपैकी जवळजवळ एका घरात ते पोहोचलं होतं.

आता मुख्य कथेकडे येऊ. सेगाने २९ ऑक्टोबर १९८८ ला जपानमध्ये मेगा ड्राइव्ह आणलं. हे सोळा बिटांचं यंत्र. बिट म्हणजे यंत्राचा प्रोसेसर एका घासात किती माहिती गिळतो त्याचं माप. फॅमिकॉम आठ बिटांचं होतं. तेव्हा हे यंत्र तांत्रिकदृष्ट्या पुष्कळ पुढचं. पण त्याच्या बरोबर सहा दिवस आधी जुन्याच फॅमिकॉमवर 'सुपर मारियो ब्रदर्स ३' आला होता. लोक त्या रांगेत उभे राहिले. 'ड्रॅगन क्वेस्ट'सारखे लांबलचक, कथा असलेले खेळ जपानी मुलांना वेड लावत होते आणि ते निन्टेंडोकडेच मिळत. जपानमध्ये मेगा ड्राइव्ह सगळं मिळून सुमारे छत्तीस लाख खपलं. निन्टेंडोचं सोळा बिटांचं सुपर फॅमिकॉम १९९० मध्ये आलं आणि एक कोटी सत्तर लाखांच्या पुढे गेलं. मधे एनईसी कंपनीचं पीसी इंजिन होतंच. जपानमध्ये सेगा तिसरी.

हेच मेगा ड्राइव्ह १९८९ साली अमेरिकेत गेलं. नावाच्या हक्काची अडचण होती म्हणून तिथे ते 'जेनेसिस' झालं. सेगाच्या अमेरिकी शाखेची सूत्रं १९९० मध्ये टॉम कॅलिन्स्के यांच्याकडे आली. हे गृहस्थ आधी मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीत होते. त्यांनी सांगितलं : किंमत कमी करा, यंत्रासोबत फुकट देत असलेला जुना खेळ काढून नवा 'सॉनिक' द्या, अमेरिकेत बसून अमेरिकी मुलांसाठी खेळ बनवा आणि जाहिरातीत निन्टेंडोला नाव घेऊन डिवचा. तोक्योतल्या संचालकांना यातलं काहीच पटलं नाही. तरीही अध्यक्ष हायाओ नाकायामा यांनी 'करा' म्हणून मोकळीक दिली. सॉनिक जून १९९१ मध्ये आला. निन्टेंडोचं नवं यंत्र अमेरिकेत पोहोचलं ऑगस्टमध्ये, १९९ डॉलरला. तोवर जेनेसिस सॉनिकसह १४९ डॉलरला मिळत होतं. १९९२ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सोळा बिटांच्या बाजाराचा सुमारे ६५ टक्के भाग सेगाकडे होता.

यंत्र एकच. जपानमध्ये तिसरं, अमेरिकेत पहिलं. मग ते जिंकलं की हरलं?

इथे आम्हाला आमच्या जुन्या विषयाकडे वळल्याशिवाय राहवत नाही. नैयायिकांचं एक आवडतं उदाहरण आहे. झाडावर माकड बसलंय. 'झाडाला माकडाचा संयोग आहे' हे खरं की खोटं? फांदीपाशी खरं, बुंध्यापाशी खोटं. झाड एकच आहे, त्यात संयोगही आहे आणि संयोगाचा अभावही आहे. विरोध मात्र नाही, कारण दोहोंच्या जागा वेगळ्या. जो धर्म आपल्या आश्रयाला पूर्ण व्यापत नाही त्याला ते 'अव्याप्यवृत्ति' म्हणतात. बोलताना ती जागा सांगायची, म्हणजे भांडण मिटतं. बाजारातलं यश हा असाच अव्याप्यवृत्ति धर्म आहे असं आमचं म्हणणं आहे. (आणि निन्टेंडोचं नाव अमेरिकेत झालं ते 'डाँकी काँग' या माकडाच्याच खेळामुळे, हा निव्वळ योगायोग.)

पण नुसतं 'जागा वेगळी' म्हणून भागत नाही. जागा वेगळी म्हणजे नेमकं काय वेगळं?

पहिली गोष्ट, आवड. जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट'ला जे स्थान, ते अमेरिकेत फुटबॉलला. तेही त्यांच्या हेल्मेटवाल्या फुटबॉलला. 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' या कंपनीने जेनेसिस उलगडून त्याची आतली रचना स्वतःच शोधून काढली, त्या बळावर सेगाशी सोयीचा करार केला आणि १९९० मध्ये जॉन मॅडन यांच्या नावाचा फुटबॉलचा खेळ आणला. तो खेळ जपानी मुलाच्या काय कामाचा?

दुसरी गोष्ट, वय. १९८६ साली आठ वर्षांचा असलेला अमेरिकी मुलगा १९९२ मध्ये चौदा वर्षांचा झाला होता. मारियो आता धाकट्या भावाचा. सेगाने बरोबर हीच नस पकडली. १९९३ मध्ये 'मॉर्टल काँबॅट' हा मारामारीचा खेळ दोन्ही यंत्रांवर आला. निन्टेंडोने रक्त काढून टाकलं; सेगाच्या यंत्रावर एक संकेत दाबला की रक्त दिसे. खप कुणाचा वाढला असेल हे सांगायला नको. त्याच डिसेंबरात अमेरिकी सेनेटमध्ये या खेळांवर सुनावणी झाली आणि पुढच्या वर्षी खेळांवर वयोगटाचे शिक्के आले.

तिसरी गोष्ट, वीज आणि टीव्ही. हे आपल्या ध्यानातही येत नाही. जपान-अमेरिकेत टीव्हीचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदले, युरोपात पन्नास वेळा. त्यामुळे नीट जुळवून न घेतलेले अनेक खेळ युरोपात चक्क सहाव्या हिश्श्याने मंद चालायचे. युरोपीय मुलाचा सॉनिक अमेरिकी मुलाच्या सॉनिकपेक्षा हळू धावत होता! तरीही युरोपात सेगाचं चांगलं बस्तान बसलं. कारण तिथे घरगुती संगणकांवर खेळायची सवय होती, निन्टेंडोची पकड सैल होती आणि सेगाने स्थानिक वितरक नेमून आधीच पाय रोवले होते.

चौथी गोष्ट, सरकार. ब्राझीलने परदेशी इलेक्ट्रॉनिक मालावर इतकी बंधनं घातली होती की आयात करणं परवडतच नसे. तिथे टेकटॉय नावाच्या कंपनीने सेगाशी करार केला आणि मानाउसच्या मुक्त व्यापार क्षेत्रात यंत्रं बनवायला घेतली. खेळांचं पोर्तुगीज भाषांतर केलं. एका जपानी खेळातला नायक बदलून तिथे 'मोनिका' ही ब्राझीलच्या चित्रकथांतली लाडकी मुलगी आणून बसवली. परिणाम असा की सेगाचं आठ बिटांचं मास्टर सिस्टिम, जे जपान आणि अमेरिका दोन्हीकडे आपटलं, ते ब्राझीलमध्ये घराघरांत गेलं आणि पुढे कितीतरी वर्षं विकलं जात राहिलं. दक्षिण कोरियात वसाहतकाळाच्या कडू आठवणींमुळे जपानी सांस्कृतिक मालावर बंदी होती. तिथे सेगाचं यंत्र सॅमसंगच्या नावाने विकलं गेलं आणि निन्टेंडोचं ह्युंदाईच्या!

आता या इतिहासाचा दुखरा भाग. नोव्हेंबर १९९४ मध्ये सेगाने जपानमध्ये सॅटर्न हे नवं यंत्र आणलं आणि पहिल्याच दिवशी दोन लाखांचा साठा संपला. मायदेशात वर्षानुवर्षं हरलेल्या कंपनीला प्रथमच घरचा टिळा लागला. तोक्योतून पाहिलं तर चित्र स्वच्छ होतं : मेगा ड्राइव्ह मेलेलं, सॅटर्न जिवंत, तेव्हा सगळी ताकद सॅटर्नकडे वळवा. अमेरिकेत चित्र उलटं होतं. १९९५ मध्येही तिथे जेनेसिस वीस लाखांवर खपलं. पण कंपनीचं लक्ष निघालेलं, सणासुदीला माल कमी पडला. सॅटर्न मात्र मे १९९५ मध्ये ठरल्या तारखेच्या चार महिने आधीच अचानक काढलं, तेही मोजक्याच दुकानसाखळ्यांना. बाकीचे दुकानदार चिडले. किंमत ३९९ डॉलर. त्याच दिवशी, त्याच प्रदर्शनात सोनीच्या माणसाने व्यासपीठावर येऊन आपल्या प्लेस्टेशनची किंमत तेवढी सांगितली, '२९९', आणि तो खाली उतरला.

शेवटी सॅटर्न जपानमध्ये पन्नास लाखांच्या वर गेलं, अमेरिकेत वीस लाखांच्या आसपास अडकलं. म्हणजे मेगा ड्राइव्हचं बरोबर उलटं. कॅलिन्स्के १९९६ मध्ये बाहेर पडले. ड्रीमकास्ट हा शेवटचा प्रयत्न. ३१ जानेवारी २००१ ला सेगाने यंत्रं बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि वर्ष संपायच्या आत सॉनिक निन्टेंडोच्या यंत्रावर धावू लागला. या ऱ्हासाचं कारण एकच होतं असं आम्ही म्हणणार नाही. सोनीची आर्थिक ताकद होती, सेगाची आपसातली भांडणं होती, एकामागून एक काढलेल्या जोडयंत्रांनी ग्राहकाचा विश्वास उडाला होता. पण या सगळ्यात एक ज्ञानविषयक चूक आहे आणि ती आम्हाला महत्त्वाची वाटते. बुंध्यापाशी बसलेल्या माणसाने वर न पाहता सांगितलं की झाडावर माकड नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या जागेवरून ते खरंच होतं. पण निर्णय त्याने सगळ्या झाडाचा केला. आणि लक्षात घ्या, १९९१ मध्ये याच नाकायामांनी स्वतःला न पटलेली गोष्ट फांदीवरच्या माणसाला करू दिली होती. शहाणपण कंपनीजवळ नव्हतं असं नाही. होतं, आणि ते चार वर्षांत हरवलं. मुख्यालयाला घरचं यश मिळालं, की दूरच्या शाखेचं ऐकून घ्यायची त्याची गरज संपते. हे फक्त कंपन्यांचं होत नाही. राज्यांचं होतं, विद्यापीठांचंही होतं.

शेवटी, आपल्याकडे काय झालं? १९९५ मध्ये सेगाचं मेगा ड्राइव्ह भारतातही आलं. मद्याच्या धंद्यासाठी माहीत असलेल्या शॉ वॉलेस कंपनीने ते आणलं. आयात शुल्क ८० टक्क्यांच्या घरात असल्याने हा मार्ग काढला, तरी किंमत सुमारे अठरा हजार रुपये! त्या काळी किती घरांत महिन्याला एवढा पगार येत होता? आपल्या मुलांनी खेळलं ते दुसरंच : फॅमिकॉमची नक्कल. तुळशीबागेत किंवा लॅमिंग्टन रोडवर मिळणारा, शेकड्यांनी खेळ असल्याचा दावा करणाऱ्या पिवळ्या 'कॅसेट'चा 'टीव्ही गेम'. त्यावर मारियो होता, पण निन्टेंडो हे नाव मुलांना ठाऊकही नसायचं. जपानमध्ये १९८३ साली जन्मलेलं यंत्र इथे १९९८ मध्ये सुट्टीतलं नवं खेळणं होतं. म्हणजे जागेबरोबर काळही सांगावा लागतो.

या खेळण्यांची नोंद निन्टेंडोच्या विक्रीच्या तक्त्यात नाही. 'जागतिक खप' असं ज्याच्यावर लिहिलेलं असतं त्या तक्त्यात आपली ती सुट्टी कुठेच नाही. तेव्हा चिठ्ठी पाठवणाऱ्या मित्राला एवढंच सांगू : 'जगात कोण जिंकलं' असा आकडा कुणी पुढे केला, तर त्याच्या जगात कोणकोणती घरं मोजली आहेत, हे आधी विचारून घ्या.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.