मुसव्विर जंगाची तसबीर

सीना नदीपलीकडच्या नगर जिल्ह्यात इंग्रजी अंमल होता. तिथला रुपया उलटा-सुलटा केला की एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा दिसे. अलीकडे मोगलाई. वडवणीसह सारा बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि निजामाच्या हाली रुपयावर चेहराच नव्हता. आधी नुसती अक्षरं होती, १९०३ च्या सुमारास चारमिनार आला. आपला राजा दिसतो कसा, हे रयतेला नाण्यावरून कळायची सोय नव्हती.

तो चेहरा दाखवला काचेने.

मराठी घरात भिंतीवर टांगलेल्या चित्राला जुनी माणसं तसबीर म्हणत. शब्द मूळचा अरबी, फारसीतून आलेला. ‘सुरत’ त्याच धातूची, आणि चित्र काढणारा तो ‘मुसव्विर’. ही तिन्ही सख्खी भावंडं. त्यातलं शेवटचं नाव सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खानाने, आपल्या दरबारी छायाचित्रकाराला किताब म्हणून बहाल केलं : राजा बहादूर मुसव्विर जंग. साल १८९४. ‘जंग’ म्हणजे लढाई. हा किताब सरदारांच्या तोलाचा, आणि तो मिळाला कॅमेरा चालवणाऱ्याला. त्या काळात याहून मोठी पावती कुठली?

हा माणूस म्हणजे लाला दीनदयाळ. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुडकीला अभियांत्रिकी शिकून तो इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागला. फोटोचा छंद तिथेच जडला आणि त्याला पहिला भक्कम आधार मिळाला तो तुकोजीराव होळकरांचा. मराठी संस्थानाने हेरलेला हा कलावंत पुढे हैदराबादने दरबारी केला. त्याने सिकंदराबादेत स्टुडिओ थाटला, १८९६ मध्ये मुंबईतही.

राजघराण्याची छबी घरोघरी नेण्याची रीत लंडनची. १८६० मध्ये मेयॉल या छायाचित्रकाराने व्हिक्टोरिया, अल्बर्ट आणि त्यांच्या मुलांचे छोटे, पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो विक्रीला काढले आणि लोक ते अल्बमात जमवू लागले. दीनदयाळांनी ती रीत दरबारी थाटात बसवली. काचेवरच्या निगेटिव्हवरून अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेल्या कागदावर ठसे उतरत. प्रकाश पुरेसा पडेपर्यंत हलायचं नाही. म्हणून महाराजांची मान ताठ, हात तलवारीच्या मुठीवर किंवा खुर्चीच्या दांडीवर. आज ज्याला आपण राजेशाही ऐट म्हणतो, तिच्यातला काही वाटा या थांबून राहण्याचा आहे.

पडद्यातल्या बायकांचं काय? त्यांच्यासाठी १८९२ मध्ये हैदराबादेत जनाना स्टुडिओ निघाला. उंच भिंतींच्या आड, आणि कॅमेऱ्यामागे मिसेस केनी-लेव्हिक ही इंग्रज बाई. पडदा न मोडता तसबीर काढायची ही युक्ती मला सगळ्यांत हुशारीची वाटते.

दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. त्यांच्या काचेच्या २,८५७ निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

त्यांच्या कामात नवाब आहेत, शिकार केलेल्या वाघांशेजारी उभा महबूब अली खान आहे. आणि औरंगाबाद भागातल्या दुष्काळाचे फोटोही आहेत, शतक सरतानाच्या त्या कठीण वर्षांतले. त्यांतल्या एकात मदतीसाठी आलेला एक जथा आहे : बरगड्या वर आलेली माणसं, कॅमेऱ्याकडे बघणारी. दरबाराची ऐट टिपणाऱ्या त्याच मुसव्विराने निजामाच्या रयतेचीही सुरत काचेवर उतरवली. नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.