परळचे आयोडिन आणि माणसागणिक मात्रा

उर्दूत औषधाच्या मात्रेला ‘मिक़दार-ए-ख़ुराक’ म्हणतात. युनानी हकीम ती ठरवताना रोग्याचा मिजाज, वय, ऋतू असे सगळे पाहत. पण पाहणे वेगळे आणि मोजणे वेगळे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने मिश्र औषधांची ताकद गणिताने काढायची रीत मांडली. तो ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये ‘दे ग्राडिबुस’ या नावाने युरोपात गेला. सुमारे तीनशे वर्षांनी कुर्तुब्याच्या इब्न रुश्दने त्याच्यावर टीका केली. वैद्यकाचा प्रश्न त्याने अंकगणितात नेऊन ठेवला, असा तिचा रोख होता. मला दोघांचेही पटते. आणि गंमत अशी की न्यूक्लियर मेडिसिन नावाच्या अगदी आधुनिक शाखेत हाच वाद गेली ऐंशी वर्षे चालू आहे.

हा विषय माझ्यासमोर आला तो शाळेमुळे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या अम्मीला थायरॉइडचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झाले, मग मुंबईत किरणोत्सारी आयोडिन घ्यावे लागले. परत आल्यावर मुलीने विचारले, “सर, बाजूच्या खोलीतल्या बाईंना अम्मीपेक्षा दुप्पट डोस का दिला?” नववीतल्या मुलीचा प्रश्न, पण त्याचे उत्तर द्यायला बराच इतिहास उपसावा लागतो.

थायरॉइड ग्रंथीला हार्मोन बनवायला आयोडिन लागते, म्हणून ती रक्तातले आयोडिन ओढून घेते. तेच आयोडिन किरणोत्सारी करून पाजले, तर ते आपसूक ग्रंथीत जाऊन बसते आणि आतून मारा करते. त्याचे बीटा किरण एक-दोन मिलिमीटरच्या पुढे फारसे जात नाहीत, म्हणून शेजारचे अवयव बऱ्यापैकी वाचतात. सोबतचे गॅमा किरण शरीराबाहेर पडतात आणि कॅमेऱ्याला दिसतात. म्हणजे औषध स्वतःच सांगते की ते कुठे गेले आणि किती काळ थांबले. ऐकायची तयारी मात्र हवी.

१९३६ च्या नोव्हेंबरात बोस्टनमध्ये कार्ल कॉम्प्टन या भौतिकशास्त्रज्ञाच्या व्याख्यानानंतर सॉल हर्ट्झ या तरुण डॉक्टरने विचारले, आयोडिन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? त्यातून आर्थर रॉबर्ट्स या भौतिकशास्त्रज्ञासोबत ४८ सशांवर प्रयोग झाले. तेव्हाचे आयोडिन-१२८ पंचवीस मिनिटांत अर्धे होई, त्यामुळे सगळी धावपळच. मार्च १९४१ अखेर हर्ट्झने थायरॉइड वाढलेल्या माणसाला पहिला उपचार दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्याकडे परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले होते. दोघांची गाठ पडायला अजून वीसेक वर्षे होती.

या पहिल्या पिढीने मोजूनच मात्रा दिली, हे आज विसरले जाते. आयोडिन महाग आणि दुर्मीळ, त्यामुळे थेंबाथेंबाचा हिशेब होता. न्यूयॉर्कच्या लिओनिडास मॅरिनेलीने ग्रंथीचे वजन, तिने ओढलेले आयोडिन आणि ते तिथे टिकण्याचा काळ, या तिन्हींवरून मात्रा काढायचे सूत्र बसवले. सायडलिनसोबत त्याने १९४६ मध्ये थायरॉइडच्या पसरलेल्या कर्करोगावरचा आयोडिनचा उपचार प्रसिद्ध केला, त्यातही मोजमाप होतेच.

मग युद्ध संपले, अणुभट्ट्यांतून आयोडिन-१३१ भरपूर मिळू लागले आणि मोजणे मागे पडले. अमेरिकेत ठोक आकडे रूढ झाले. ऑपरेशननंतर उरलेल्या ग्रंथीसाठी १०० मिलिक्युरी, गळ्यातल्या गाठींसाठी दीडशेच्या आसपास, दूर पसरला असेल तर २००. मराठीत याला ‘सब घोडे बारा टक्के’ म्हणतात. सगळेच गप्प बसले असे नाही. १९६२ मध्ये बेनुआ आणि सहकाऱ्यांनी उलटी वाट धरली. रक्ताला, पर्यायाने अस्थिमज्जेला, २०० रॅडपेक्षा जास्त मार बसणार नाही इतकी मात्रा प्रत्येक रुग्णाची मोजून काढायची. पण त्यासाठी रुग्णाला आधी थोडे आयोडिन देऊन कित्येक दिवस रक्त आणि लघवी तपासावी लागे. बहुतेक दवाखान्यांना ते झेपले नाही.

आपल्याकडे १९६३ मध्ये परळला, टाटा रुग्णालयाच्या आवारात, अणुऊर्जा खात्याने रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतले समस्थानिक आणि परळचे रुग्ण यांच्यामध्ये काही किलोमीटरचेच अंतर. आठ दिवसांत निम्मे होणाऱ्या औषधाला हे फार सोयीचे. याच केंद्रातले ए. एम. सॅम्युअल आणि बी. राजशेखरराव यांनी १९९४ मध्ये ‘जर्नल ऑफ न्यूक्लियर मेडिसिन’मध्ये लेख लिहिला. ऑपरेशननंतर उरलेल्या ग्रंथीला खरोखर किती किरणमात्रा पोचते, याचे ते मोजमाप होते. बाटलीत किती मिलिक्युरी भरले हा एक आकडा, आणि पेशींनी किती ग्रे झेलले हा दुसरा. मुदपाकखान्यातून किती वाढले आणि कुणाच्या अंगी किती लागले, असा तो फरक.

वर्गात मी हे असे सांगितले. समजा दोघींना सारखेच आयोडिन दिले. एकीच्या उरलेल्या ग्रंथीने त्यातले एक टक्का ओढले आणि ते दोन दिवस टिकले. दुसरीच्या तेवढ्याच वजनाच्या ग्रंथीने पाच टक्के ओढले, ते सहा दिवस टिकले. एक गुणिले दोन, पाच गुणिले सहा. डोस एकच, मार पंधरा पट. मुलांना हे लगेच कळले.

पण इथे इब्न रुश्दची आठवण ठेवावी लागते. दिल्लीच्या एम्सने २००४ मध्ये ५०९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. १५ पासून ५० मिलिक्युरीपर्यंत, पाच-पाचने वाढत्या आठ मात्रा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वाटल्या होत्या. निष्कर्ष असा की २५ च्या पुढे वाढवून विशेष फायदा नाही. ब्रिटन आणि फ्रान्सच्या मोठ्या चाचण्यांनी १०० ऐवजी ३० पुरतात हे दाखवले ते २०१२ मध्ये, आठ वर्षांनी. हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. २०२२ मध्ये फ्रेंच गटाने आणखी पुढे जाऊन, अगदी कमी धोक्याच्या रुग्णांत आयोडिन न देताही पहिल्या तीन वर्षांत तितकेच चांगले निभावते, हे दाखवले. म्हणजे एखादीची योग्य मात्रा शून्यही असू शकते, आणि त्यासाठी तिच्या ग्रंथीचे सूत्र मांडायची गरज नसते. त्या मुलीला मी हेच सांगितले. बाजूच्या बाईंचा आजार कुठवर गेला होता हे आपल्याला ठाऊक नाही. कमी डोस म्हणजे कमी काळजी असे समजू नकोस.

मोजणे खरे कामाला येते ते आजार पसरल्यावर. यकृताच्या कर्करोगात यिट्रियमचे सूक्ष्म मणी धमनीतून सोडतात. फ्रान्समध्ये ६० रुग्णांवर ठोक हिशेब आणि माणसागणिक हिशेब अशी तुलना झाली, २०२१ मध्ये ती छापून आली. ठोक गटातल्या ३६ टक्के रुग्णांत गाठीने उपचाराला दाद दिली, मोजलेल्या गटात ७१ टक्क्यांत. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ तयार होते. न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी ते बहुतेक जगात आजही एकाच मापाने देतात: २०० मिलिक्युरी, आठ आठवड्यांच्या अंतराने, चार वेळा. मूत्रपिंडाला २३ ग्रेपेक्षा जास्त नको, ही मर्यादा बाहेरून दिल्या जाणाऱ्या किरणोपचारावरून उसनी घेतलेली. एखाद्याचे मूत्रपिंड पाचवा डोस सहज सोसेल, एखाद्याला तिसराच जड जाईल. मोजल्याशिवाय कळणार कसे?

मोजायचे म्हणजे डोस दिल्यावर दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या दिवशी पुन्हा कॅमेऱ्याखाली जायचे. मुंबईकराला हे जमेल. कारंज्याच्या माणसाला आधी एसटीने मूर्तिजापूर गाठावे लागते, मग रात्रीची गाडी, मग परळला धर्मशाळेत जागा नाहीतर फुटपाथ. मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून मला सूत्रांपेक्षा २०१८ मध्ये जर्मनीत मांडल्या गेलेल्या एका साध्या गोष्टीचे अप्रूप जास्त वाटते. हॅन्शाइड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ल्युटेशियमचा डोस दिल्यानंतर सुमारे ९६ तासांनी, म्हणजे चौथ्या दिवशी, एकदाच मोजले तरी मूत्रपिंडाने आणि गाठीने किती झेलले याचा पुरेसा अंदाज येतो. तीन हेलपाट्यांच्या जागी एक.