पाय उचलून दाखवा : सायटिकेच्या निदानाचा इतिहास

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. आईच्या कमरेत कळ भरायची आणि मांडीच्या मागून, पोटरीवरून थेट घोट्यापर्यंत उतरायची. पाट्यावरचं वाटण झालं की उठताना ती भिंतीला धरून दोन मिनिटं तशीच उभी राही. तालुक्याच्या गावी नेऊन एक्स-रे काढला. 'हाडाला काही झालेलं नाही,' असं डॉक्टर म्हणाले. घरी पोचेपर्यंत त्या वाक्याचं 'हिला काही झालेलं नाही' असं झालं होतं. पुढं कितीतरी वर्षं आजी त्या दुखण्याला 'सोंग' म्हणत राहिली.

दोन वर्षांपूर्वी तीच कळ माझ्या पायातून गेली, तेव्हा मी या दुखण्याचा इतिहास वाचायला घेतला. मी डॉक्टर नव्हे. पण वाचत गेलो तसतसं जाणवलं, की हा इतिहास जितका नसेचा आहे तितकाच रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवण्या-न ठेवण्याचाही आहे.

आपल्या जुन्या ग्रंथांत या दुखण्याला 'गृध्रसी' म्हटलं आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, वातव्याधींच्या अध्यायात, नितंबापासून कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी अशी क्रमाने पावलापर्यंत उतरणारी वेदना वर्णिली आहे. सुश्रुतसंहितेत तर पाय उचलायलाच अडथळा होतो, हे लक्षण नोंदवलं आहे. 'आम्हाला सगळं आधीच ठाऊक होतं' असं म्हणण्याचा मोह इथं होतो. निरीक्षण अचूक आहे यात शंका नाही. मात्र कारण वाताचं दिलेलं आहे, मणक्यातून निघणाऱ्या नसेचं नाही. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

युरोपात 'सायटिका' हा शब्द खुब्याच्या ग्रीक नावावरून आला आणि दुखणंही दीर्घकाळ खुब्याचंच मानलं गेलं. १७६४ साली नेपल्समध्ये दोमेनिको कोतुन्यो या २८ वर्षांच्या वैद्याने लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहून त्याचे दोन भाग केले : सांध्याचं दुखणं वेगळं, नसेचं वेगळं. नसेच्या आवरणात दाहक द्रव साठतो म्हणून कळ येते, हा त्याचा तर्क पुढं टिकला नाही. पण त्या द्रवाच्या शोधात त्याला मज्जारज्जूभोवतीचं पाणी सापडलं. शवविच्छेदनात आधी डोकं वेगळं करण्याची पद्धत असल्याने ते वाहून जाई आणि कुणाच्या नजरेस पडत नसे. पायाच्या कळेचा माग काढताना शरीरातलं एवढं मोठं गुपित हाती लागलं.

यानंतरचा माणूस साहित्याच्या वाचकांना विशेष जवळचा वाटावा. लाझा लाझारेविच हा सर्बियन कथेच्या प्रवर्तकांपैकी एक. जुगारी बापाच्या घराची त्याची कथा तिकडे आजही वाचली जाते. पेशाने तो डॉक्टर होता. बर्लिनला शिकून बेलग्रेडला परतल्यावर १८८० साली, वयाच्या २९व्या वर्षी, त्याने सहा रुग्णांची हकिगत सर्बियन वैद्यकीय नियतकालिकात छापली. रुग्णाला उताणं निजवायचं, गुडघा न वाकवता पाय वर उचलायचा. कळ आली की गुडघा वाकवायचा, कळ ओसरते. म्हणजे नस ताणल्यामुळे दुखतं. इतकी साधी चाचणी! ना यंत्र, ना सुई.

पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये फोर्स्ट या विद्यार्थ्याने प्रबंधात हीच चाचणी मांडली, श्रेय गुरू शार्ल लासेगला दिलं आणि स्पष्टीकरण मात्र दिलं स्नायूंच्या दाबाचं. लाझारेविचचा लेख जर्मनमध्ये यायला १८८४ उजाडलं. जगाने नाव लासेगचं ठेवलं. लहान भाषेत लिहिणाऱ्याच्या वाट्याला बहुधा हेच येतं. मराठी वाचकाला ते वेगळं सांगायला नको.

नस दुखते हे कळलं, पण तिला डिवचतं कोण? मणक्याच्या पोकळीत सापडणाऱ्या गाठींना शल्यचिकित्सक कूर्चेच्या गाठी समजत आणि काढून टाकत. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिलं, की त्यांतल्या अनेक गाठी म्हणजे दोन मणक्यांमधल्या चकतीचाच बाहेर आलेला भाग असतो. आपल्याकडची 'गादी सरकली', 'मणक्यात गॅप आला' ही भाषा याच चकतीभोवती फिरते. साध्या एक्स-रेत ना चकती दिसते ना नस. आईचा एक्स-रे निर्दोष निघाला, यात म्हणूनच नवल नव्हतं.

मग एमआरआय आला आणि आता सगळं दिसेल असं वाटलं. १९९४ साली पाठदुखी नसलेल्या ९८ लोकांच्या कमरेच्या एमआरआयची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या केवळ ३६ टक्के जणांच्या सर्व चकत्या निर्दोष होत्या. चित्रात बिघाड आहे, पण माणूस ठणठणीत! एक्स-रेत काहीच न दिसणारी आई आणि ही माणसं शेजारी शेजारी ठेवली, की नुसत्या चित्रावरून वेदनेचा निकाल देता येत नाही हे उघड होतं.

तरीही निकाल देण्याची हौस जात नाही. १९८० साली ग्लासगोच्या गॉर्डन वॉडेलने पाठदुखीच्या रुग्णांमध्ये शारीरिक बिघाडाने उलगडत नाहीत अशा काही खुणा नोंदवल्या. त्यांतली एक लाझारेविचच्या चाचणीवरच बेतलेली होती : निजवून पाय उचलला तर दुखतो, पण बसवून, लक्ष दुसरीकडे वळवून उचलला तर दुखत नाही. अशा रुग्णाचा अधिक खोलात, मनाच्याही बाजूने विचार व्हावा, हा हेतू. पण या खुणा अनेकांनी खोटारडा ओळखण्यासाठी वापरल्या. अखेर १९९८ साली वॉडेलला सहलेखकासह पुन्हा लिहून सांगावं लागलं, की एवढ्यावरून कुणाला ढोंगी ठरवता येणार नाही.

गेल्या दिवाळीत आईला, आता ती ऐंशीच्या पुढं आहे, मी हे सगळं सांगितलं. चकती, नस, बोस्टन. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तेव्हा खरंच दुखत होतं, हे आता पटलं का तुला?"

सोंग आजी म्हणायची. मी तर काहीच म्हणालो नव्हतो. तिच्या लेखी त्या गप्प राहण्याचा अर्थ काय होता, हे मला तेव्हा कळलं.