यादीतली शेवटची ओळ

१५ जानेवारी. विट्यातलं एखादं मंगल कार्यालय, संध्याकाळचे सहा. खुर्च्या भरत आल्यात. पहिली रांग पाहुण्यांसाठी राखलेली, आणि तिथं कुणी बसू नये म्हणून एक पोरगं राखणीला उभं केलंय. "तुमचा आवाज खणखणीत, तुम्हीच बोला," असं म्हणून कुणीतरी माईक तुमच्या हातात दिला. दुसऱ्या हातात सत्कारमूर्तींची यादी आहे.

स्टेजच्या कडेला टेबलावर घडीच्या शाली, नारळ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली स्मृतिचिन्हं. फेटे बांधणारा एकटाच, पुढं मुलांची रांग. खो-खोच्या मुलींचं पटकन होतं. पैलवान पोरांना मात्र वेळ लागतो. त्यांचे कान मोडलेले, सुजून गठ्ठ झालेले, त्यामुळं फेट्याची कड कानावर बसत नाही. बांधणारा दोनदा सोडतो, तिसऱ्यांदा कान आत घेऊन घट्ट ओढतो. पोरगं हूं की चूं करत नाही.

आजची तारीख का निवडली, ते तुम्हाला सुरुवातीलाच सांगायचंय. खाशाबा जाधवांचा हा जन्मदिवस, आणि २०२३ साली शासनानं ठरवल्यापासून हाच राज्य क्रीडा दिन. भाळवणीच्या चंद्रहार पाटलांनी २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा याच तालुक्यात आणली, हेही कागदावर आहे. टाळ्यांसाठी दोन ओळींची जागा सोडलेली. मग खेळाडू. मग मार्गदर्शक. आणि अगदी तळाला, पेनानं मागाहून घातलेली एक ओळ: "आणि इतर सहकारी".

तुमची नजर त्या ओळीवर अडखळते. सभागृहाच्या मागच्या दाराशी एक माणूस उभा आहे. पँटच्या पायांवर पांढरी धूळ. ती फक्कीची आहे. सकाळी मैदानावर रेघा यानंच मारल्या. गेली कित्येक वर्षं तोच मारतो, सुतळी ताणून, वाकून, चालत. त्याचं नाव यादीत कुठं आहे, म्हणून तुम्ही कागद वर-खाली बघता.

बाहेर हलगी वाजायला लागते. पाहुणे आले वाटतं. तुम्ही कागद घेऊनच दाराबाहेर पडता, आणि बाहेर विटा उरलेलं नाही.

म्हणजे रस्ता आहे, तोच. गुहागरहून चिपळूण, कराड, विटा करत विजापूरकडे जाणारा. पण तुम्ही पश्चिमेला निघालात आणि प्रत्येक मैलाला काहीतरी गळून पडतंय. आधी पेट्रोल पंप जातात. मग टेंभू योजनेचं पाणी जातं, आणि पाण्याबरोबर ऊस जातो. उघडे माळ पुढं येतात, बाजरीची ठिपक्याठिपक्यांची शेतं येतात. यंत्रमागांचा खडखडाट मागं विरतो. चांदी-सोनं गाळायला परमुलखात गेलेल्या गलाईवाल्यांचे बंगले एकेक करून पुसले जातात.

वाटेत दोन ठिकाणी थांबा, पण फार वेळ नाही.

पहिला मुक्काम दिल्लीचा. १७ जानेवारी २०२५, राष्ट्रपती भवन. अर्जुन पुरस्कार घ्यायला सांगली जिल्ह्याचे दोघे आलेत. एक आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी. लहानपणी सायकलवरून पडून डावा हात कायमचा अधू झाला, आणि ४ सप्टेंबर २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी उजव्या हातानं गोळा १६.३२ मीटरवर टाकून रौप्य घेतलं. सुवर्ण फक्त ६ सेंटिमीटर पुढं होतं. मधलं बोट जमिनीवर टेकवा, तेवढं.

दुसरे पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, वयाची ऐंशी ओलांडलेले. त्यांच्या मागोमाग तुम्ही १९७२ च्या हायडेलबर्गला जाता. ६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला, कंबरेखालचं बळ गेलेला हा फौजी जलतरण तलावात ५० मीटर फक्त हातांनी कापतो. ३७.३३ सेकंद. विश्वविक्रम, आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. काठावर उभं राहून तुम्ही विचारा की इथवर यायचं तिकीट कुणी काढलं. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेनं. अर्जुन पुरस्कार मिळायला मात्र यानंतर अर्धशतकाहून जास्त काळ जायचाय.

तिकीट कुणी काढलं, हा प्रश्न विसरू नका. पुढं लागणार आहे.

आता कडेगाव मागं पडलं, सदाशिवगड दिसायला लागला. ओगलेवाडी आली. कराडचं रेल्वे स्टेशन गावात नाही, इथं आहे, जिथल्या काचेच्या कारखान्यातला प्रभाकर कंदील घरोघरी जळतो. साल १९५२. तुमचं विटा दक्षिण सातारा जिल्ह्यात आहे, कराड उत्तर सातारा जिल्ह्यात, आणि दोन्ही मुंबई राज्यात. सांगली जिल्हा हे नाव यायला १९६० उजाडायचंय. अर्जुन पुरस्कार १९६१ चा, द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ चा. म्हणजे गुणी खेळाडूला आणि त्याच्या गुरूला सरकारनं काय द्यावं, याची पद्धतच अजून पडलेली नाही. तुमच्या हातातला कागद कोरा झालाय. बघा.

स्टेशनबाहेर पाऊल ठेवायला जागा नाही. बैलगाड्या, गाड्यांमागं गाड्या. शंभराच्या वर नक्की. गावात पुढं १५१ चा आकडा सांगतील. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगुरमाळा, चाकांना तेल पाजलेलं. हलगीवाल्यानं शेकोटीवर कातडं तापवून घेतलंय आणि काडी अशी पडतेय की बैल कान टवकारतात. बायका तबक घेऊन उभ्या, वाऱ्यानं निरांजन विझतं आणि पुन्हा लावलं जातं. आणि मग मीटरगेजच्या त्या छोट्या गाडीची शिट्टी.

"आला रं, खाशाबा आला!"

तुम्हाला वाटलं होतं कुणीतरी धिप्पाड उतरेल. उतरतो तो बुटका, सव्वीस वर्षांचा, गोळेश्वरच्या दादासाहेब पैलवानांचा मुलगा. ५७ किलो वजनी गटाचा मल्ल. गळ्यातलं कांस्य पदक म्हणजे स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये एकट्या खेळाडूनं मिळवून दिलेलं पहिलं पदक. गुलालाची मूठ उडते आणि पुढचं काही दिसत नाही.

एका गाडीत चढा. कुणी नाही म्हणणार नाही, इथं सगळेच पाहुणे आणि सगळेच यजमान आहेत. गोळेश्वर एरवी पंधरा मिनिटांच्या वाटेवर. आज सात तास लागणार आहेत, त्यामुळं बोलायला भरपूर वेळ आहे.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा, तुम्ही खाशाबांचे कोण?

"कोण म्हंजे? वर्गणी दिलीया न्हवं."

पुढच्या गाडीत कराडचे दुकानदार आहेत, त्यांनी आपापल्या परीनं भर घातली. पलीकडच्या गाडीत तालमीतली जोडीची पोरं. एका माणसाकडं बोट दाखवून कुणी सांगतं की यानं खाशाबांबरोबर हौदात लढत केली, म्हणजे हरण्यासाठी रोज उतरला. ह्या माणसाचा विचार करा जरा. पैलवान घडतो तो जोडीवर. लाल मातीत ताक, हळद, तेल मुरवून हौद मऊ करणारा एक, फावड्यानं माती उकरणारा एक, आणि ज्याच्यावर ढाक डाव बसवून बसवून हात तयार होतो तो एक. शिकवणारे वस्ताद बाबूराव बलावडे, बेलापुरे गुरुजी यांची नावं कुणी ना कुणी पुढं सांगेल. जोडीच्या पोराचं नाव कोण सांगणार?

आणि कोल्हापूरचे प्राचार्य खर्डेकर. राजाराम कॉलेजचे. हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला जायला पैसे कमी पडत होते, सरकारदारी हात हलवत परत यावं लागलं होतं. लंडनच्या १९४८ च्या वेळी कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता. खाशाबा तिथं गादीवरच्या कुस्तीशी पहिल्यांदाच झुंजले आणि सहावे आले. या वेळी तसा आधार नव्हता. तेव्हा खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि ७००० रुपये उभे केले. ७००० रुपये, १९५२ साली, एका मास्तरानं, दुसऱ्याच्या मुलासाठी. मला या सगळ्या हकिगतीत हेच सर्वांत मोठं वाटतं, पदकाहूनही.

गाडी रेंगाळलीय. तेवढ्यात जरा आणखी मागं जाऊन या. २३ जुलै १९५२, हेलसिंकी.

मेसुहल्लीचं ते भलंमोठं सभागृह. गादी, दिवे, परकी भाषा. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल मागं टाकलेत. आता जपानचा शोहाची इशी. कुस्ती पंधरा मिनिटं चालते, अंगातलं सगळं काढून घेते, आणि गुणांवर जाते. इशी पुढं सुवर्ण घेणार आहे. खाशाबा गादीच्या कडेला बसलेत, छाती भात्यासारखी हलतेय. लगेच पुकारा होतो. सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवशी लढा, आत्ता.

तुम्हाला नियम ठाऊक आहे. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायलाच हवी. कुणीतरी उठायचं, पंचांच्या टेबलाशी जायचं आणि एवढंच म्हणायचं. तुम्ही आजूबाजूला बघता. आपला एकही अधिकारी तिथं नाही. तुम्ही तोंड उघडता, तुमचा तो खणखणीत आवाज, आणि घशातून काही फुटत नाही. तुम्ही या काळाचे नाही. खाशाबा उठतात, पट्टा सारखा करतात आणि गादीवर जातात. दमलेला माणूस ताज्या माणसाशी लढतो आणि हरतो. त्या कांस्याचा रंग एका माणसाच्या गैरहजेरीनं ठरला, असं मी म्हणतो. त्याला कुस्ती यायची गरज नव्हती. बाजूला उभं राहायचं होतं.

परत गाडीत या. अंधार पडायला लागलाय, कुणीतरी प्रभाकर कंदील पेटवून जुवावर टांगलाय. वेशीवर ओवाळणारी म्हातारी खाशाबांच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडते. भाषण नाही, ट्रॉफी नाही. ज्यांनी ज्यांनी काही दिलं होतं ते सगळे इथं जातीनं हजर आहेत, गाडी-बैलांसकट, आणि खाशाबांना त्यांतले बहुतेक नावानं माहीत आहेत.

यानंतरचं मला घाईनं सांगू द्या. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि त्या पैशातून खर्डेकरांचं देणं फेडलं. घर सुटलं. १९५५ ला ते पोलीस खात्यात गेले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार आला तो २००० सालचा, मरणोत्तर. आपण फार उशीर केला, आणि त्याची खंत मला प्रत्येक १५ जानेवारीला वाटते.

हलगी जवळ येते. खूप जवळ.

तुम्ही विट्यातल्या कार्यालयाच्या दारात आहात. पाहुणे स्टेजवर चढताहेत, कुणीतरी तुम्हाला हातानं खुणावतंय, चला, सुरू करा. कागदावर अक्षरं परत आलीत. शेवटची ओळही.

तुम्ही स्टेजकडं न जाता मागच्या दाराकडं जाता. पांढऱ्या पायांच्या माणसाकडं.

"नाव सांगा तुमचं. पूर्ण."

"माझं? कशाला सर, राहू द्या की."

"वाचायचंय."

तो चुळबुळतो. मग नाव सांगतो, गावही सांगतो. तुम्ही "इतर सहकारी" वर आडवी रेघ मारून खाली लिहून घेता. तो वाकून बघतो, बरोबर लिहिलंय का ते.

"मग त्या पोरीच्या आईचं बी घ्या," तो म्हणतो. "पहाटं चारला उठून डबा करती. पळायला सोडायला येती, पार अंधारात, बॅटरी घेऊन."

लिहिता.

"आन् टेम्पोवाला. गेल्या साली जिल्ह्याला पोरं घेऊन गेला, डिझेलचे पैसे घेतले न्हाईत."

लिहिता. शेजारची एक बाई वळून म्हणते, आमच्या शाळेतले शिपाईमामा राहिले, रोज संध्याकाळी मैदानाचं कुलूप तेच उघडतात. तिच्या मागचा एक पोरगा, फेट्यात कान आवळलेला, तालमीत माती उकरणाऱ्याचं नाव सांगतो. स्टेजवरून कुणीतरी माईकवर फुंकर मारतंय. तळाशी जागा उरलेली नाही.

तुम्ही कागद पालटता.