चौदा कॅरेटचा कायदा आणि आपली सराफपेठ

सरकारने बाजारात किती हात घालावा यावर सध्या जोरात वाद चालू आहे. मला अशा वेळी १९६३ आठवतं. आठवतं म्हणजे, तेव्हा माझा जन्मही नव्हता, पण सराफपेठेत जुन्या माणसांपाशी बसलं की 'चौदा कॅरेट' हा शब्द निघतोच.

१९६२ चं चीन युद्ध नुकतंच झालेलं. परकीय चलनाची चणचण. भारतात सोन्याचा भाव जगापेक्षा बराच चढा, त्यामुळे तस्करी जोरात. अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आलं. म्हणजे युद्धासाठी घेतलेले अधिकार दागिन्यांवर वापरले गेले. नवा दागिना १४ कॅरेटच्या वर घडवायचा नाही, असा हुकूम. हिशेब साधा होता: दागिन्यात सोनं कमी, म्हणजे मागणी कमी, म्हणजे तस्करी कमी.

कागदावर बरोबर. पण २२ कॅरेटमध्ये साधारण ९२ टक्के सोनं असतं, १४ मध्ये ५८ च्या आसपास. धातू कडक होतो, रंग बदलतो, आणि हातकामाला वाकत नाही. मुख्य म्हणजे आपल्याकडे बाई दागिना नुसती नटायला घेत नाही. तीच तिची बँक. मोडताना निम्म्याच्या जवळपास तांबं-चांदी निघणार असेल तर घेईल कोण?

गिऱ्हाईक थांबलं आणि मेला तो कारागीर. सराफाकडे भांडवल होतं, घरं होती, तो तग धरून राहिला. दुसऱ्याच्या दुकानासाठी फुंकणी घेऊन मजुरीवर घडवणाऱ्या सोनाराकडे काय होतं? देशभर लाखो सोनार बेकार झाले. आत्महत्यांच्या बातम्या आल्या, संसदेत गदारोळ झाला. मग कर्जं, मुलांना शिक्षणात सवलती, दुसऱ्या नोकऱ्या असं 'पुनर्वसन' निघालं. पिढ्यान्‌पिढ्या घडणावळीवर जगलेल्या माणसाला पन्नाशीत शिपायाची नोकरी, याला पुनर्वसन म्हणायचं असेल तर म्हणा.

तस्करी थांबली का? नाही. दुबईची दहा तोळ्यांची बिस्किटं येतच राहिली. हाजी मस्तानसारखी नावं मोठी झाली ती याच काळात.

१४ कॅरेटची अट १९६६ मध्ये गेली. पण नियंत्रण गेलं नाही, हे लक्षात घ्या. १९६८ मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला. युद्ध संपून सहा वर्षं झाली होती! आता परवाने, नोंदवह्या, तपासणीला येणारे साहेब. सामान्य माणसाला सोन्याची लगड घरात ठेवायची बंदी. सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये यातली काही कलमं रद्द केली, तरी कायदा चालूच राहिला. तो रद्द झाला १९९० मध्ये, अर्थमंत्री मधु दंडवते असताना. पक्के समाजवादी, राजापूरचे खासदार. खुल्या बाजाराचा गजर करणाऱ्या कुणी नव्हे, त्यांनी तो काढला. मला या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

आता कुणी म्हणेल, मग सरकारने काहीच करू नये का? तसं मी म्हणत नाही. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालेलं हॉलमार्किंग हाही हस्तक्षेपच आहे, पण त्यातून गिऱ्हाइकाला आपण काय घेतोय ते कळतं. काय घ्यायचं ते सरकार ठरवत नाही. छोट्या सोनाराला त्याचाही खर्च आणि हेलपाटे आहेतच, तो विषय वेगळा लिहीन. आयात शुल्काचं मात्र जुनंच गाणं. २०२२ मध्ये १५ टक्के केलं, २०२४ मध्ये ६ वर आणलं, आणि कमी करताना तस्करीचंच कारण चर्चेत होतं.

ज्यांच्या घरात १९६३ ते ६६ मधलं लग्न आहे, त्यांनी आजीला विचारा तिचं मंगळसूत्र किती कॅरेटचं. आणि सोनारकाम सोडावं लागलेलं कुणी घरात असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा, ते कुठे लिहून ठेवलेलं फारसं सापडत नाही.