ध्रुवीय प्रकाशाचे वेध : कॅमेरा आणि रडार

चुंबकांबरातून चुंबकीय बलरेषांच्या अनुरोधाने खाली येणारे इलेक्ट्रॉन ऑक्सिजन व नायट्रोजनवर आदळले की काही अणुरेणू उद्दीपित होऊन प्रकाश देतात, काहींचे आयनीभवन होते. प्रकाश कॅमेरा टिपतो, आयनीभवन रडार.

प्रकाशीय वेध : नॉर्वेचे कार्ल स्टोर्मर यांनी १९१० पासून दूरच्या दोन ठाण्यांवरून एकाच क्षणी छायाचित्रे घेतली आणि मागच्या ताऱ्यांच्या आधारे उंची मोजली. बहुतेक पट्ट्यांची खालची कड सुमारे १०० किमी.वर निघाली. आता क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे आकाश एका चौकटीत घेणारे कॅमेरे वापरतात आणि फिल्टर लावून एकेक तरंगलांबी वेगळी काढतात : ऑक्सिजनची हिरवी ५५७.७ व तांबडी ६३०.० नॅनोमीटर, आयनित नायट्रोजनची निळी ४२७.८. तांबडा प्रकाश देणारा अणू सरासरी ११० सेकंद उद्दीपित राहतो. दाट हवेत तेवढ्या वेळात टकरा होऊन त्याची ऊर्जा निघून जाते, म्हणून तांबडी छटा साधारण २०० किमी.च्या वरच दिसते. तांबड्या-निळ्याच्या गुणोत्तरावरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा अंदाज बांधता येतो. ढग आले किंवा उन्हाळ्यात सूर्य मावळेनासा झाला, की मात्र ही सारी उपकरणे निकामी.

रडार वेध : मुक्त इलेक्ट्रॉनांकडून विखुरलेला अतिक्षीण प्रतिध्वनीही पकडता येईल, असे विल्यम गॉर्डन यांनी १९५८ मध्ये दाखवले. त्याच तत्त्वावर, १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘आइस्कॅट’ या युरोपीय संस्थेचे रडार १९८१ पासून नॉर्वेतील ट्रॉम्सोजवळ चालू झाले. प्रतिध्वनीच्या तीव्रतेवरून इलेक्ट्रॉनांची घनता, वर्णपटाच्या आकारावरून इलेक्ट्रॉन व आयनांचे तापमान आणि डॉप्लर परिणामावरून आयनांचा वेग कळतो. ढग वा ऊन याला आडवे येत नाही. पण शलाका १०० किमी.वर जेमतेम एक-दोन किमी. रुंद असते. पट्टा त्या शलाकेत होता की बाजूने सरकला, हे एकट्या रडारच्या आकड्यांवरून ठरवणे अवघड असते.

म्हणून दोन्ही शेजारी हवीत. स्वालबार्डमध्ये लाँगयिअरब्यूनजवळ १९९६ पासून रडार आहे : ३२ मीटरची फिरती डिश आणि बलरेषेच्या दिशेने रोखलेली ४२ मीटरची स्थिर डिश. जवळच २००८ मध्ये शेल हेन्रिकसेन वेधशाळा सुरू झाली. ऐन हिवाळ्यात तिथे भरदुपारीही अंधार असल्याने दिवसाच्या बाजूचा ध्रुवीय प्रकाशही कॅमेऱ्यात येतो, आणि अशी जागा पृथ्वीवर क्वचितच सापडते.

आइस्कॅटच्या ‘थ्रीडी’ रडारच्या आराखड्यात फिरत्या डिशऐवजी नॉर्वेतील शीबोटन येथे सुमारे १०,००० अँटेनांची मांडणी आहे. एकाच वेळी अनेक दिशांना वेध घेतल्याने अरुंद शलाकेची उणीव बरीच भरून निघेल. प्रकाशाचा रंग ओळखायला मात्र तेव्हाही कॅमेराच लागेल.